५६ अंशांचा खोटेपणा लगेच पकडला जातो, पण खोट्या शून्याचं काय? बीडच्या पावसावरून समजून घेऊ 'फॉग कॉम्प्युटिंग'

३० मे २०२४. नागपूरचं तापमान ५६ अंश सेल्सिअस, असे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरायला लागले. भारतातला आजवरचा अधिकृत उच्चांक ५१ अंशांचा, राजस्थानातल्या फलोदी गावचा, मे २०१६ मधला. जगाचा विक्रम ५६.७ अंशांचा, तोही अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा. म्हणजे त्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा तर नागपूर एका दुपारीत जगाच्या विक्रमाला जाऊन भिडलं होतं.

तसं काही झालं नव्हतं. रामदासपेठ भागातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा सेन्सर बिघडला होता. सोनेगावच्या केंद्रानेही ५४ अंश दाखवले. त्याच दिवशी खापरी आणि रामटेकची केंद्रं मात्र ४४ अंश सांगत होती. हवामान विभागाला खुलासा करावा लागला. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली होती. तिथे तज्ज्ञांचं पथक पाठवून तपासणी झाली, तेव्हा तो सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवतोय असं निघालं.

या दोन्ही चुका पकडल्या गेल्या, कारण आकडाच अविश्वसनीय होता. सगळा देश त्याच्याकडे बघत होता.

आता हाच प्रकार उलटा करून बघा. समजा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या महसूल मंडळात रात्रभर धो धो पाऊस झाला. ओढ्याला पूर आला, कापूस पाण्याखाली गेला. आणि सकाळी केंद्राच्या नोंदीत दिसतंय, पाऊस ० मिलिमीटर. हा स्क्रीनशॉट कोणी व्हायरल करणार नाही. शून्य हा रोजचाच आकडा आहे. वर्षातले बहुतेक दिवस बीडमध्ये पाऊस शून्यच असतो. त्यामुळे संगणकालाही त्यात काही खटकत नाही.

इंटरनेटला जोडलेली यंत्रं बिघडतात तेव्हा खरी अडचण ही असते. बंद पडलेलं यंत्र निदान दिसतं तरी. चालू राहून चुकीचं बोलणारं यंत्र दिसत नाही. आणि त्याला पकडायचं असेल तर ते शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरवर बसून जमत नाही, यंत्राच्या जवळच कोणीतरी शहाणा बसवावा लागतो. त्या शहाण्याचं तांत्रिक नाव आहे 'फॉग कॉम्प्युटिंग'.

एका आकड्यावर एवढं काय अडलंय?

महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असं धरलं जातं. पुढे पंचनामे आणि मदत यांच्या चर्चेत हा आकडा पहिल्यांदा विचारला जातो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तर शेतात येऊन कोणी नुकसान मोजत नाही. केंद्राने नोंदवलेला पाऊस, तापमान, आर्द्रता हे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर भरपाई, नाहीतर नाही. मोसंबी, डाळिंब, सीताफळ ही बीडच्या ओळखीची पिकं या योजनेत येतात. त्यातल्या बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकनही आहे.

हे आकडे येतात कुठून? राज्याच्या कृषी विभागाने २०१७ पासून स्कायमेट या कंपनीसोबत 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. राज्यभरात ती दोन हजारांहून अधिक आहेत. कुंपण घातलेल्या छोट्या जागेत एक खांब, त्यावर सौर पॅनेल, वारा मोजणारी फिरती वाटी, आणि शेजारी पर्जन्यमापक. आत एक बॅटरी, नोंदी साठवणारा डेटा लॉगर आणि मोबाइलसारखं सिमकार्ड. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'विंड्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तालुका पातळीवर हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक, असं त्याचं उद्दिष्ट आहे. म्हणजे यंत्रांची संख्या वाढतच जाणार, आणि बिघडणाऱ्या यंत्रांचीही.

सप्टेंबर २०२५ मध्ये बीडसह मराठवाड्याने जो पूर पाहिला, त्यानंतर या आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

पर्जन्यमापक बिघडतो कसा?

स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुतेक वेळा एक साधी युक्ती असते. वर नरसाळं, खाली सी-सॉसारखी दोन छोटी खोरी. एक खोरं भरलं की कलंडतं, पाणी सांडतं, दुसरं खोरं नरसाळ्याखाली येतं. प्रत्येक कलंडण्यासोबत एक चुंबक स्विचसमोरून जातो आणि लॉगरमध्ये 'एक' अशी नोंद पडते. एक कलंडणं म्हणजे यंत्राच्या बनावटीनुसार ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस.

०.५ चं यंत्र धरलं तर ६५ मिलिमीटर म्हणजे १३० कलंडणी. त्यातली पाच हुकली तर नोंद होते ६२.५, आणि अतिवृष्टीची रेषा हुकते. मुसळधार पावसात कलंडण्याच्या क्षणी थोडं पाणी मोजलंच जात नाही, त्यामुळे अशी यंत्रं नेमक्या जोराच्या पावसात किंचित कमी दाखवतात.

आता बिघाडांचे प्रकार बघू. जगातल्या कुठल्याही जोडलेल्या यंत्राला हेच प्रकार लागू पडतात.

पहिला, गप्प होणं. बॅटरी संपली, वीज पडली, पॅनेलवर धूळ साचली. यंत्र बंद.

दुसरा, निरोप हरवणं. यंत्र ठणठणीत आहे, पण टॉवर बंद पडलाय. वादळात लाइट जाते आणि टॉवरचा बॅकअप संपला की रेंजही जाते. म्हणजे माहितीची गरज सगळ्यात जास्त असते नेमक्या त्याच वेळी वाट बंद होते.

तिसरा, वेळ चुकणं. हा प्रकार फार फसवा आहे. हवामान विभागाचा पावसाचा 'दिवस' सकाळी साडेआठला संपतो. समजा सकाळी १० ते रात्री ८ या वेळेत ७० मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला ४० दुपारी २ च्या आत. यंत्राचं घड्याळ चुकून भारतीय वेळेऐवजी ग्रीनिच वेळेवर राहिलं, तर सगळ्या नोंदी साडेपाच तास मागे जातात. दुपारचे २ होतात सकाळचे साडेआठ. ४० मिलिमीटर आदल्या दिवसात, ३० आजच्या दिवसात. पाऊस पूर्ण मोजला, पण एकाही दिवशी ६५ भरले नाहीत.

चौथा, अडकणं. नरसाळ्यात पालापाचोळा, पक्ष्याची विष्ठा, कोळ्याचं जाळं, खोऱ्यात मुंग्यांचं घर. पाणी खाली उतरतच नाही. यंत्र दर वेळी प्रामाणिकपणे सांगतं, ०, ०, ०.

पाचवा, सरकणं. मुंगेशपूरसारखं. थोडं थोडं चुकीचं, पण रोज.

सहावा, खोटं बोलणं. मुद्दाम छेडछाड, किंवा असा बिघाड की यंत्र काहीही बरळायला लागतं.

पहिल्या दोन प्रकारांत माहिती येत नाही. पुढच्या चारांत माहिती येते, आणि तीच घातक ठरते.

मग हे 'फॉग' काय आहे?

क्लाउड म्हणजे ढग, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आपले फोटो, फाइली दूरच्या डेटा सेंटरमध्ये असतात, त्याला आपण क्लाउड म्हणतो. ढग जमिनीवर उतरला की त्याला आपण धुकं म्हणतो. तीच कल्पना. संगणकाची थोडी ताकद दूरच्या ढगातून काढून यंत्रांच्या जवळ, जमिनीवर आणून ठेवायची. २०१२ मध्ये सिस्को कंपनीतल्या फ्लावियो बोनोमी आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून हा शब्द रूढ झाला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, त्याची व्याख्या प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी आयट्रिपलईनेही त्याची रचना मानक म्हणून स्वीकारली.

शेतातलं उदाहरण घ्या. विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरतेय. मोटर बंद करायची का, हे मुंबईच्या डेटा सेंटरला विचारायचं आणि नेमकी त्याच वेळी रेंज नसेल, तर उत्तर येईपर्यंत मोटर जळालेली असेल. म्हणून ते काम स्टार्टरच्या पॅनेलमध्येच होतं. हा झाला अगदी खालचा थर, म्हणजे यंत्र स्वतः.

पण पॅनेलला शेजारच्या विहिरीत काय चाललंय ते माहीत नसतं. ते बघायला मधला थर लागतो. गावात किंवा तालुक्याला ठेवलेला एक छोटा संगणक, आसपासच्या दहा-वीस यंत्रांचं ऐकणारा. त्याला म्हणतात फॉग नोड. आणि वर ढग, म्हणजे सगळ्या राज्याचा हिशेब ठेवणारा सर्व्हर.

शेतीत असा मधला थर वापरूनही झालाय. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'फार्मबीट्स' नावाची रचना मांडली. त्यात शेतकऱ्याच्या घरी ठेवलेला संगणक शेतातल्या सेन्सरची माहिती गोळा करतो आणि इंटरनेट गेलं तरी काम चालू ठेवतो. बाहेरची वाट बंद झाली तरी घरातला कारभार थांबत नाही.

बीडपुरतं चित्र असं काढता येईल. प्रत्येक महसूल मंडळात हवामान केंद्र. तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे गेवराई, माजलगाव, केज, आष्टी अशा गावी, बॅटरीवर चालू राहील असा एक छोटा संगणक. केंद्रांशी बोलायला मोबाइल नेटवर्क, आणि ते गेलं तर लांब पल्ल्याचा कमी विजेचा रेडिओ. वर पुण्या-मुंबईचा सर्व्हर. यातला मधला थर बिघाडाच्या वेळी काय काय करू शकतो, ते आता पाहू.

गप्प झालेल्या यंत्राला ओळखायचं कसं?

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे नाडी बघणं. यंत्राने ठरावीक वेळाने 'मी आहे' एवढाच निरोप पाठवायचा. इंग्रजीत त्याला हार्टबीट म्हणतात. दर १० मिनिटांनी नाडी अपेक्षित असेल आणि अर्धा तास काही आलं नाही, तर फॉग नोडने त्या यंत्रावर 'संशयित' असा शिक्का मारायचा.

शिक्का 'संशयित'चाच, 'मृत'चा नाही. नेटवर्कच्या या टोकावरून मंद झालेलं यंत्र आणि मेलेलं यंत्र सारखंच दिसतं. १९९६ मध्ये तुषार चंद्रा आणि सॅम टोएग या दोन संगणकशास्त्रज्ञांनी बिघाड ओळखणाऱ्या यंत्रणांचा सिद्धांत मांडला. त्याचा गाभाच असा की अशी यंत्रणा चुकू शकते, आणि तसं गृहीत धरूनच पुढची रचना करायची. घाई केली तर चांगल्या यंत्राला मृत ठरवाल, फार थांबलात तर मेलेल्याची वाट बघत बसाल. म्हणून २००४ साली जपानमधल्या संशोधकांनी 'हो-नाही'ऐवजी संशयाची मोजपट्टीच सुचवली. नेहमी वेळेवर येणारा माणूस दहा मिनिटं उशिरा आला तर काळजी वाटते, रोज तासभर उशिरा येणाऱ्याची वाटत नाही. तसंच, प्रत्येक यंत्राच्या सवयीवरून संशय वाढवायचा.

नाडीसोबत आणखी दोन गोष्टी पाठवल्या तर काम सोपं होतं. एक, बॅटरीचं व्होल्टेज. ते चार दिवसांपासून उतरत असेल तर केंद्र बंद पडण्याआधीच माणूस पाठवता येतो. दुसरी, शेवटचा निरोप. वीज संपत आलीय हे कळताच यंत्राने उरलेल्या ताकदीत एकच ओळ पाठवायची, 'मी चाललो, कारण बॅटरी'. मग निदान कारण शोधत बसावं लागत नाही.

खोट्या शून्याला पकडायचं कसं?

इथे नाडी उपयोगाची नाही, कारण यंत्र जिवंत आहे. इथे चार कसोट्या लागतात, आणि चारही जवळ बसूनच नीट लावता येतात.

पहिली कसोटी निसर्गाच्या मर्यादांची. भारतात ५६ अंश कधीच नोंदवले गेलेले नाहीत, तेव्हा असा आकडा आला की आपोआप बाजूला ठेवायचा. नागपूर इथेच अडलं असतं. पण शून्य या चाळणीतून सहज निसटतो.

दुसरी कसोटी घरातल्याच साक्षीदारांची. एकाच खांबावर तापमान, आर्द्रता, वारा यांचेही सेन्सर असतात. संध्याकाळी वारा अचानक वाढला, तापमान काही मिनिटांत सात-आठ अंशांनी पडलं, आर्द्रता ९८ टक्क्यांवर गेली आणि तिथेच राहिली, पण पाऊस शून्य? शक्य आहे, पण खटकणारं आहे. फॉग नोडने लगेच खूण करायची.

तिसरी कसोटी शेजाऱ्यांची. चारही बाजूंच्या केंद्रांवर ५० ते ८० मिलिमीटर आणि मधल्या केंद्रावर शून्य, तर मधल्याची चौकशी व्हायला हवी. मात्र इथे एक सापळा आहे. बीडचा पाऊस एकसारखा पडत नाही. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्यातून जातात. आष्टी-पाटोद्याचं पठार वेगळं, गोदावरीकाठचं गेवराई-माजलगाव वेगळं, अंबाजोगाई-परळीकडे वेगळं. वळवाचा पाऊस तर एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडे धूळ उडते. त्यामुळे 'जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा वेगळं म्हणजे बिघडलेलं' असा नियम लावला तर खराखुरा कोरडा पट्टाही चुकीचा ठरेल, आणि खराखुरा ढगफुटीसारखा पाऊसही. म्हणून शेजारी ठरवताना नकाशावरचं अंतर, उंची आणि डोंगराची बाजू बघावी लागते. तालुक्यातल्या यंत्रांचा वर्षानुवर्षांचा स्वभाव माहीत असलेला जवळचा नोड हे काम दूरच्या सर्व्हरपेक्षा चांगलं करू शकतो.

चौथी कसोटी सवयीची. गेल्या तीन पावसांत शेजारी भिजले आणि हे एकच केंद्र प्रत्येक वेळी कोरडं राहिलं, तर तो योगायोग नसावा. एकदा शून्य खरं असू शकतं. दर वेळी शून्य म्हणजे नरसाळं तुंबलेलं.

बहुमताने निकाल लावता येईल का?

पुष्कळांना वाटतं की चार यंत्रं ठेवा, जास्त जण म्हणतील ते खरं. नागपूरच्या दिवसाने या कल्पनेला चांगलाच धक्का दिला. ५६, ५४, ४४, ४४. दोन विरुद्ध दोन. सरासरी काढली तर ४९.५. हा आकडा मेच्या शेवटी विदर्भात कोणालाही खरा वाटला असता, आणि तरीही तो चुकीचाच होता. कच्च्या आकड्यांची सरासरी खोटं पुसत नाही, ते पटेल असं करून दाखवते.

यामागचं गणित १९८२ सालीच मांडलं गेलंय. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी त्याला 'बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न' असं नाव दिलं. वेढा घालून बसलेले सेनापती एकमेकांना निरोप पाठवतात, त्यातले काही फितूर आहेत. फितूर प्रत्येकाला वेगळंच सांगू शकतो. मग बाकीच्यांनी एकमताने निर्णय कसा घ्यायचा? उत्तर असं निघालं की एक फितूर पचवायला किमान चार जण लागतात, दोन फितुरांना सात. चारांत दोन फितूर निघाले तर फक्त निरोपांच्या देवाणघेवाणीवर भागत नाही. हा नियम हवामान केंद्रांना जसाच्या तसा लागू होत नाही, पण धडा तोच आहे. कितीजण खोटं बोलू शकतात हे आधी ठरवा, मग यंत्रं मोजा.

जिथे चूक परवडत नाही तिथे एकाच जागी जादा सेन्सर बसवतात. अमेरिकेच्या 'क्लायमेट रेफरन्स नेटवर्क'मध्ये प्रत्येक केंद्रावर तापमानाचे तीन सेन्सर असतात. एक वेगळं बोलायला लागला की बाकी दोघे त्याला उघडं पाडतात. असं न केल्याची सगळ्यात महागडी किंमत विमान क्षेत्राने मोजली. बोइंग ७३७ मॅक्स विमानांतली एक स्वयंचलित यंत्रणा विमानाच्या नाकाचा कोन सांगणाऱ्या एकाच सेन्सरवर विसंबून होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात असे दोन अपघात झाले, ३४६ माणसं गेली. एका मंडळात एकच पर्जन्यमापक असणं हीसुद्धा, वेगळ्या प्रमाणात, तशीच स्थिती आहे.

बिघाड कळला. पुढे काय?

पहिला नियम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा. माहिती आली नाही तर तिथे शून्य लिहायचा नाही. प्रत्येक आकड्यासोबत एक शिक्का हवा. खात्रीचा, संशयित, अंदाजित, किंवा उपलब्ध नाही. '० मिलिमीटर' आणि 'माहिती नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्ता भरताना रिकाम्या चौकटीत आपोआप शून्य पडावं अशी सोय ज्या प्रणालीत असेल, तिथे पहिल्या दिवसापासून अन्याय भरून ठेवलेला आहे.

दुसरा नियम, साठवा आणि नंतर पाठवा. रेंज गेली तर लॉगरने नोंदी जपून ठेवायच्या, फॉग नोडनेही. वाट उघडली की सगळ्या जुन्या नोंदी त्यांच्या मूळ वेळेसह वर जायला हव्यात. यात एक बारकावा आहे. पोच आली नाही म्हणून यंत्र तीच नोंद दोनदा पाठवतं, आणि ३० मिलिमीटरचे ६० होतात. त्यावर उपाय दुकानाच्या पावतीपुस्तकासारखा. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक. ४१२ नंबरची पावती पुन्हा आली तर ती मोजायची नाही. ४१३ मिळाली नाही तर ती मागून घ्यायची.

तिसरा नियम, अंदाज बांधा पण अंदाज म्हणूनच दाखवा. बंद केंद्राच्या जागी आसपासच्या केंद्रांवरून, जवळच्याला जास्त वजन देऊन, अंदाजित पाऊस काढता येतो. पूर येतोय का हे सांगायला तो पुरेसा असतो. एखाद्याची भरपाई नाकारायला तो पुरेसा नसतो. तिथे यंत्राने बाजूला व्हायचं आणि माणसाला बोलवायचं. पंचनामा, ओढ्याची पूररेषा, तलाठ्याचा अहवाल हे सगळं अशा वेळी कामाचं.

चौथा नियम, दुरुस्त झालेल्याला लगेच मुकादम करू नका. यंत्र पुन्हा सुरू झालं की काही दिवस त्याचे आकडे शेजाऱ्यांशी ताडून बघायचे. पर्जन्यमापकाची परीक्षा तर सोपी आहे. मोजून पाणी हळूहळू ओतायचं आणि कलंडण्या मोजायच्या.

आणि फॉग नोडच बिघडला तर?

हा प्रश्न विचारायलाच हवा. तालुक्याचा संगणक हाही एक यंत्रच. त्याचीही लाइट जाते, त्यालाही उंदीर कुरतडतात.

त्यासाठी प्रत्येक केंद्राला आधीच दोन पत्ते माहीत हवेत. गेवराईचा नोड उत्तर देत नसेल तर माजलगावच्या नोडशी बोल, तोही नसेल तर थेट वरच्या सर्व्हरशी, आणि काहीच नसेल तर स्वतःजवळ साठव. गेवराईचा नोड परत आला की अधिकार त्याच्याकडे परत द्यायचा. मध्ये एक धोका असतो. दोघांमधला दुवा तुटला की दोघांनाही वाटतं, आता मीच कारभारी. मग एकाच केंद्राचे दोन वेगवेगळे हिशेब तयार होतात. म्हणून कारभार ठरावीक मुदतीचा देतात, भाडेकरारासारखा. मुदत संपण्याआधी नूतनीकरण झालं नाही तर अधिकार आपोआप सुटतो. आणि कारभारी कोण हे ठरवायला किमान तीन नोड ठेवतात, म्हणजे फाटाफूट झाली तरी बहुमत एकापेक्षा जास्त बाजूंकडे असू शकत नाही.

फॉग फुकट मिळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. ढगात एका इमारतीची राखण करावी लागते, धुक्यात शेकडो पेट्यांची. धूळ, ऊन, चोरी, जुनं सॉफ्टवेअर, पासवर्ड न बदलणं, हे सगळे धोके गावोगाव पसरतात. दुरुस्तीला जाणारा माणूस आणि त्याच्या पेट्रोलचा खर्च धरला नाही तर सगळी रचना दोन पावसाळ्यांत निकामी होते. सगळ्यात हुशार सॉफ्टवेअरही नरसाळ्यातला पाला काढू शकत नाही. ते फक्त सांगू शकतं की कोणत्या नरसाळ्यात पाला आहे आणि आधी कुठे जायचं.

आपण काय करू शकतो?

पुढच्या वेळी तापमानाचा किंवा पावसाचा भन्नाट आकडा असलेला स्क्रीनशॉट आला तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. शेजारच्या केंद्रांवर काय आहे? आकडा आजवरच्या विक्रमापेक्षा किती पुढे आहे? आणि हवामान विभागाने तो अधिकृत म्हणून स्वीकारलाय का?

शेतकरी असाल तर घरचा पर्जन्यमापक ठेवा. खालपासून वरपर्यंत सरळ भिंतीचा डबा, मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. सकाळी साडेआठला आत पट्टी घालून पाण्याची उंची मोजा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढे मिलिमीटर पाऊस. बादलीसारखा वर रुंद होणारा डबा चालणार नाही, त्यात आकडा फुगतो. रोजची नोंद वहीत तारखेसह लिहा. ही नोंद सरकारी आकड्याची जागा घेणार नाही. पण वहीत ७० आणि मंडळाच्या नोंदीत ० असेल, तर नेमका प्रश्न विचारता येतो.

तो प्रश्न तहसील कार्यालयाला किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी विचारा, गरज पडली तर माहिती अधिकारात विचारा. 'आमच्या मंडळात त्या तारखेला पाऊस शून्य होता, की केंद्राकडून माहितीच आली नव्हती? केंद्राची शेवटची तपासणी कधी झाली? त्या दिवशी बॅटरी आणि नेटवर्कची स्थिती काय होती? शेजारच्या मंडळांचे आकडे काय होते?' यंत्र नीट चालू असेल तर ही उत्तरं लगेच मिळायला हवीत. उत्तर मिळत नसेल, तर निदान एवढं कळतं की त्या शून्यावर निर्णय घेण्याआधी कोणीतरी शेतात जाऊन बघायला हवं.